दोन दिगंबर आणि एक गुडघा

मुंबई, १२ ऑगस्ट २०२४

प्रिय मावशी,

हे पत्र मीराबाईंच्या वाडीतल्या घराच्या पत्त्यावर पाठवते आहे. फोन केला की काका स्पीकर लावतात, आणि मग मी तुझ्याशी न बोलता त्यांच्याशीच बोलत बसते. घरच्या पत्त्यावर पाठवलं तर पाकीट तेच फोडणार. तेव्हा तू सुचवलेला मार्ग बरा. मीराबाई तुझ्याकडे कामाला येताना पोळपाटाखाली ठेवतील ना?

बातमी अशी की माझी मालिका चार सप्टेंबरपासून सुरू होते आहे. दर बुधवारी संध्याकाळी सात वाजता. नाव ‘दोन दिगंबर’. नागपूरचा एक साधा सरकारी कारकून. मे महिन्यात कूलरमध्ये पाणी भरताना त्याला शॉक बसतो आणि एक शक्ती मिळते. कुणी ‘साहेब, एवढं कराल का’ म्हटलं की त्याचे दोन दिगंबर होतात. एक लोकांच्या मदतीला धावतो, बंद पडलेले ट्रान्सफॉर्मर सुरू करतो, गुंडांना गोड बोलून रडवतो. दुसरा घरी सोफ्यावर बसून राहतो. गंमत अशी की चांगुलपणा दोघांत अर्धा अर्धा वाटला जात नाही. सगळा बाहेरचा घेऊन जातो. घरच्याच्या वाट्याला उरते भूक, झोप आणि चिडचिड. शहर त्याला डोक्यावर घेतं. बायकोचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

दिगंबर कोण ते तुला कळलंच असेल. मामाच्या मुग्धाच्या लग्नात दोनशे परक्या माणसांना वाकून ‘आणखी एक जिलबी?’ विचारणाऱ्या काकांकडे बघत तू माझ्या कानात म्हणाली होतीस, ‘या माणसाने घरात स्वतःच्या हाताने पाणी घेतल्याचं मला आठवत नाही.’ माझी मालिका तिथेच सुरू झाली. चिडू नकोस. मला आणखी हवं आहे, घरातलं, बारीकसारीक. तू कॉन्व्हेंटमध्ये निबंधात नेहमी पहिली यायचीस असं आई सांगते. लिही ना.

तुझी,
वेदिका


नागपूर, २१ ऑगस्ट २०२४

चि. वेदिका,

तुझं पत्र पोळपाटाखाली नाही, कणकेच्या डब्यात मिळालं. मीराबाई म्हणाली, ‘पोळपाट तं साहेब कधी उचलत नाही बाई, पण कणकेचा डबा त्यायले माहीतच नाही.’ तिचं म्हणणं पटलं.

चिडायचं काय त्यात? मला तर हसूच आलं. सेहेचाळीस वर्षांनी कुणीतरी माझा नवरा नीट पाहिला.

घे, एक सांगते. मागच्या आठवड्यात संध्याकाळी कॉलनीतली लाइट गेली. आपल्या घरात टॉर्च एकच. तुझे काका ज्येष्ठ नागरिक मंडळाचे सेक्रेटरी, त्यामुळे टॉर्च घेऊन ते घरोघरी विचारून आले: घाबरू नका, मेणबत्ती आहे का, ताईंची बीपीची गोळी सापडली का. सिंधूताईंना, म्हणजे आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना, त्यांनी स्वतः टॉर्च धरून गोळी काढून दिली. मी त्या वेळी अंघोळीच्या खोलीत होते. अंगाला साबण, डोळ्यांत साबण. पाऊण तासाने लाइट आली तेव्हा हे परत आले आणि म्हणाले, ‘अंधारात काहून बसून राहिली? आवाज द्यायचा.’ मी आवाज दिला होता. तो सिंधूताईंच्या घरापर्यंत ऐकू गेला होता. त्यांनी यांना विचारलंही म्हणे, आणि हे म्हणाले, ‘गात असेल.’

असं पुष्कळ आहे. सांगायला लागले तर तुझा दिगंबर दहा वर्षं चालेल.

माझी प्रकृती उत्तम. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन २४ सप्टेंबरला धंतोलीतल्या हॉस्पिटलात ठरलं आहे. डॉक्टर म्हणाले मार्चच्या आत झालंच पाहिजे, नाहीतर पाय वाकडा होऊन बसेल. पाऊस छान आहे. बागेत तगर फुलली आहे.

तुझी,
मावशी


मुंबई, ९ सप्टेंबर २०२४

प्रिय मावशी,

टॉर्चचा प्रसंग तिसऱ्या भागात जसाच्या तसा घेतला. ‘गात असेल’ या वाक्यावर सेटवरचा कॅमेरावालाही हसला, आणि तो वर्षभरात हसलेला नव्हता. घाईत आहे. आणखी पाठव. ऑपरेशनला शुभेच्छा.

वेदिका


नागपूर, ३ ऑक्टोबर २०२४

चि. वेदिका,

तिसरा भाग आम्ही समाजभवनात पडद्यावर पाहिला. आता दर बुधवारी मंडळ तिथेच जमतं, अकरा जोडपी. ही कल्पना तुझ्या काकांची. ‘आमच्या हिच्या भाचीची मालिका’ असं सांगताना त्यांची छाती फुगते. दिगंबर म्हणजे आमच्या मंडळाचे खजिनदार, असं त्यांचं पक्कं मत आहे. खजिनदारांना वाटतं, दिगंबर म्हणजे तुझे काका. बायका मात्र एकमेकींकडे बघत नव्हत्या. प्रत्येकीला वाटत असावं की तू तिच्याच घरी राहून गेली आहेस.

तर तुझ्यासाठी नवीन गंमत. २३ तारखेला मी बॅग भरली. दोन गाऊन, टॉवेल, जपमाळ, वाचायला एक पुस्तक. हॉस्पिटलमधून फोन येईना म्हणून मीच केला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘काकू, तुमचं ऑपरेशन तर साहेबांनी शुक्रवारीच रद्द केलं. तुम्ही घाबरल्या म्हणे.’

मी म्हटलं, ‘हो का? किती घाबरले?’

‘रडल्या म्हणे. दोन दिवस जेवल्या नाहीत.’

‘अरेरे,’ मी म्हटलं. ‘आता बरी आहे का मी?’

ती बिचारी गोंधळली. मग मी तुझ्या काकांना विचारलं. ते पेपर वाचत होते. पेपरच्या मागूनच म्हणाले, ‘ऐन वेळी तू घाबरलीच असतीस. मी फक्त आधी सांगितलं.’

‘मी घाबरले नव्हते.’

‘सहा आठवडे घराचं कोण पाहील? मीराबाईच्या हातचं मी खाऊन राहिलो का कधी? पुढे बघू. चालत राहा, चालल्याने मोकळा होतो.’

त्याच संध्याकाळी मंडळात त्यांचं ‘गुडघ्यांची निगा’ या विषयावर व्याख्यान होतं. तक्ता स्वतः काढला होता, रंगीत. शेवटी म्हणाले, ‘पत्नीच्या भीतीचाही आपण आदर केला पाहिजे.’ टाळ्या पडल्या. सिंधूताई घरी येताना माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, ‘घाबरू नका हो प्रेमलताबाई, एवढे सांभाळणारे यजमान आहेत.’

पाऊस ओसरला. पारिजातकाचा सडा पडतो रोज. मी अंगणाच्या पायऱ्या आता बसून उतरते, एकेक, तीन वर्षांचं मूल उतरतं तशी. त्यामुळे फार लहान झाल्यासारखं वाटतं. बाकी सर्व छान.

तुझी,
मावशी


मुंबई, ८ नोव्हेंबर २०२४

प्रिय मावशी,

तू ग्रेट आहेस. परवाचा भाग आतापर्यंत सगळ्यांत जास्त पाहिला गेला. ‘आता बरी आहे का मी?’ हे वाक्य लोक एकमेकांना पाठवताहेत. आणि ते पायऱ्या बसून उतरणं! बायकोचं काम करणारी बाई अशी उतरली की सगळं युनिट लोळलं. मी तुझ्या पत्राचा फोटो आमच्या लेखकांच्या ग्रुपवर टाकला होता. सगळ्यांचं एकच म्हणणं, मावशीला हे सुचतं कसं?

चॅनल खूश आहे. आणखी दहा भाग वाढवले. एक अडचण आहे, प्रेक्षकांना दिगंबर फार आवडायला लागला आहे, दोन्ही दिगंबर. बायको किरकिरी वाटते अशी पत्रं येताहेत. तेव्हा तिच्या अंगाने थोडं विनोदी पाठवलंस तर बरं. लवकर पाठव, पुढचे भाग लिहायला बसते आहे.

तुझी,
वेदिका


नागपूर, १२ नोव्हेंबर २०२४

चि. वेदिका,

तो भाग पाहिला. ती बाई पायऱ्या उतरली तेव्हा समाजभवन दणाणून गेलं. तुझे काका सगळ्यांत जास्त हसले. डोळे पुसत माझ्याकडे वळून म्हणाले, ‘बघ गं, कसे लोक असतात.’ मीही हसले. हसायला यायला हवं होतं असं मला वाटलं.

तुला एक सांगायचं राहिलं आहे.

सहावीत मला पारशिवनीहून इथे बोर्डिंगला ठेवलं. तुझ्या आजोबांना वाटत होतं, मुलीला इंग्रजी यावं. शाळा सुंदर होती. लांब व्हरांडे, मेणाने घासलेली फरशी, घंटेचा आवाज. ते सगळं मला अजून स्वप्नात दिसतं आणि बरं वाटतं. सिस्टरही मायाळू होत्या. पण रविवारी घरी पत्र लिहायचं असे आणि पाकीट उघडं द्यायचं असे. सिस्टर वाचायच्या. तक्रार दिसली तर पत्र परत यायचं. ‘घरच्यांना आनंद होईल असं लिही, बाळ.’ मला ते लवकर जमलं. वरण पातळ असलं तर मी लिहायची, ‘इथलं वरण इतकं स्वच्छ आहे की ताटावरचं फूल दिसतं.’ माझ्या खाटेवर खिडकीतून पाणी यायचं, तर लिहायची, ‘पाऊस रोज मला भेटायला आत येतो.’ आई ती पत्रं शेजारणींना वाचून दाखवायची. सगळ्या हसायच्या. तुझी आई तर पोट धरून हसायची, लहान होती. मला निबंधात बक्षीस मिळालं. दोन वर्षं मला न्यायला कुणी आलं नाही, कारण तिकडे सगळ्यांना वाटत होतं की प्रेमा मजेत आहे. त्यांची चूक नाही. पत्रं मजेदारच असायची.

सिस्टर जाऊन तीस वर्षं झाली. मी पाकीट बंद करण्याआधी अजून त्यांच्याच डोळ्यांनी वाचून घेते.

हे पत्र तसं वाचलेलं नाही. माझा गुडघा दुखतो, वेदिका. बसताना, उठताना, झोपल्यावरही. मला पायऱ्या बसून उतरायची लाज वाटते. मला ऑपरेशन हवं आहे आणि मार्च जवळ येतो आहे. मागचं पत्र मी तुला मालिकेसाठी पाठवलं नव्हतं. पाठवलं असं मला वाटत होतं, पण नव्हतं.

मावशी


मुंबई, १९ नोव्हेंबर २०२४

मावशी,

तीन वेळा पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं. प्रत्येक वेळी पहिलं वाक्य फार छान जमत होतं.

तुझं ऑक्टोबरचं पत्र आलं त्या दिवशी मी एका कार्यक्रमाला निघाले होते. विषय होता ‘घरातल्या बाईचा आवाज’. पत्र टॅक्सीत वाचलं, मोठ्याने हसले, फोटो काढून ग्रुपवर टाकला, आणि आत जाऊन वीस मिनिटं बोलले की बाईचं ऐकून घ्यायला आपण शिकलं पाहिजे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऑपरेशन झालं का हे तुला मी दोन महिन्यांत एकदाही विचारलं नाही. पत्रात लिहिलं होतं रद्द झालं म्हणून, तरी माझ्या डोक्यात ते दिगंबरच्या बायकोचं रद्द झालं होतं.

मी रविवारी नागपूरला येते. काकांशी मी बोलते. त्यांच्या तोंडावर सांगते की दिगंबर म्हणजे तुम्ही. समाजभवनात, सगळ्यांसमोर. आणि डॉक्टरांकडे मी घेऊन जाते तुला.

इकडे चॅनलचं म्हणणं आहे की शेवटच्या भागात दिगंबरला दुसरा शॉक बसावा आणि दोघांचा पुन्हा एक व्हावा, चांगला. मला ते आता लिहवत नाही.

वेदिका


नागपूर, १४ डिसेंबर २०२४

चि. वेदिका,

तार यावी तसं तुला नुसतं ‘येऊ नकोस’ एवढंच कळवलं, त्याचा राग मानू नकोस. तू आली असतीस तर तुझे काका तुला घ्यायला स्टेशनवर आले असते, बॅग उचलली असती, संत्र्याची बर्फी आणली असती, आणि तू तोंडावर सांगितलं असतंस तेव्हा सगळ्यांसमोर डोळ्यांत पाणी आणून म्हणाले असते, ‘पोरीने माझे डोळे उघडले.’ मग तू परत गेली असतीस.

तुझ्या आधीच्या पत्रावर विचार करत मी आठवडाभर बसले होते. तुझ्या मालिकेत एक चूक आहे. दिगंबरची बायको सारखी घरच्या दिगंबरशी बोलते. रुसते, समजावते, रडते. त्याच्याकडे द्यायला काही नाही, हे तूच पहिल्या पत्रात लिहिलं होतंस. जे आहे ते सगळं बाहेरच्याकडे. मग मागायचं कुणाकडे?

२ डिसेंबरला मी मीराबाईला घेऊन ऑटोने धंतोलीत गेले. तीच मुलगी काउंटरवर होती. म्हणाली, ‘काकू, भीती गेली का?’ मी म्हटलं, ‘पूर्ण.’ ९ जानेवारी तारीख घेतली आणि पुन्हा रद्द करायला फक्त माझा आवाज चालेल असं कागदावर लिहून घेतलं. मीराबाई येताना म्हणाली, ‘साहेबाले कोन सांगन वं बाई?’ मी म्हटलं, ‘साहेबच सांगतील.’

या बुधवारी भाग संपला आणि मंडळाची मासिक बैठक सुरू झाली. तुला माहीत नसेल, बैठकीचं इतिवृत्त तुझे काका तिथल्या तिथे लिहितात, स्वतःच्या अक्षरात, निळ्या शाईने. पुढच्या बैठकीत तेच उभे राहून वाचतात, आणि जे ठरलं ते झालं की नाही ते सांगतात. सतरा वर्षांत त्यात लिहिलेली एकही गोष्ट त्यांनी मोडलेली नाही. बाकावर छत्री बांधायची लिहिलं तर बांधली. घरात दिलेला शब्द वेगळा आणि इतिवृत्त वेगळं.

दिगंबरवर चर्चा चालली होती. तुझे काका बोलायला उभे राहिले. ‘बायकोच्या आजारपणाकडे डोळेझाक करणारा हा माणूस आपण हसून सोडून देतो, मित्रहो, पण...’ फार सुंदर बोलले. मी उठले. मला उठायला वेळ लागतो, तोवर सगळे माझ्याकडे बघायला लागले होते.

मी म्हटलं, ‘सेक्रेटरींना स्वतःबद्दल सांगायचा संकोच वाटतो, म्हणून मी सांगते. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन त्यांनी ९ जानेवारीला ठरवलं आहे. मी घाबरत होते, त्यांनी धीर दिला. आणि सहा आठवडे घरचा स्वयंपाक ते स्वतः करणार आहेत.’

 पहिली टाळी सिंधूताईंनी वाजवली. मग बाकीच्या बायकांनी. पुरुषांनी सगळ्यांत शेवटी, जरा जपून, कारण प्रत्येकाला घरी जायचं होतं.

सिंधूताई म्हणाल्या, ‘श्रीधरराव, हे इतिवृत्तात घ्या. मंडळाला अभिमान वाटतो असं लिहा. आणि स्वयंपाकाचंही लिहा, ते विसरू नका.’

तुझे काका उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. दोन्ही तिथेच होते, वेदिका, एकाच शर्टात. एकाने हात जोडले. दुसऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला घरी गेल्यावर काय ऐकायचं आहे ते कळलं. मग ते खाली बसले आणि लिहायला लागले. पेन मध्येच थांबलं. खजिनदार वाकून म्हणाले, ‘शाई संपली का?’ ‘नाही,’ म्हणाले, आणि पुढे लिहिलं.

घरी ते अजून बोललेले नाहीत. तीन दिवस शांतता आहे. मी बरीच पुस्तकं वाचली.

शेवटच्या भागात त्याला शॉक बसवू नकोस. शॉकने माणसं सुधारत असती तर नागपुरात कूलरच्या दिवसांत सगळे संत झाले असते.

आणि बुधवारचं हे काही मालिकेत घालू नकोस. हे माझं आहे.

तुझी,
मावशी


नागपूर, २२ जानेवारी २०२५

चि. वेदिका हिस श्रीधरकाकांचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुझ्या मावशीचे ऑपरेशन दिनांक ९ रोजी निर्विघ्न पार पडले. मी जातीने हजर होतो. डॉक्टरांशी माझा उत्तम परिचय झाला असून त्यांना मंडळात व्याख्यानासाठी निमंत्रण दिले आहे. कॉलनीतील मंडळी रोज चार ते सहा भेटीस येतात. तुझ्या मावशीने त्यांची यादीच करून मीराबाईकडे दिली आहे, कोणत्या दिवशी कोण. मी सर्वांना चहा देतो. सर्वजण म्हणतात, असा नवरा पाहिला नाही. मी म्हणतो, त्यात काय विशेष.

तुझ्या मालिकेबाबत दोन सूचना. एक, दिगंबर हा आमच्या खजिनदारांवर बेतला आहे हे आता सर्वांच्या लक्षात आले आहे, तरी त्यांना थोडे सौम्य करावे. माणूस वाईट नाही. दोन, बायको अति सोशिक दाखवली आहे. अशी बाई कुठे नसते. आमचीच पाहा.

(हे पान उद्या पूर्ण करतो. कुकरची शिटी होते आहे.)

दुसऱ्या दिवशी, सकाळ. काल वरणात मीठ नव्हते. मीठ कुठे असते हे तिने जायच्या आधी सांगून ठेवायला नको होते का? डबे सगळे सारखे. विचारले तर पलंगावरून म्हणते, तिसरा. कुठून तिसरा? मी काय नोकर आहे का इथे, सकाळपासून हे दे, ते दे, पाय उचल, उशी ठेव. सहा वाजता माणसे जातात आणि मग मी आणि ती आणि भांडी. इतिवृत्तात सहा आठवडे लिहिले आहे, म्हणून. नाहीतर.

परवा दुपारी ती झोपेत कण्हत होती. मी शेजारीच खुर्चीवर होतो. उठवावे की नाही ते कळेना. काय करायचे असते अशा वेळी, ते मला कुणी सांगितलेले नाही. मंडळाच्या विषयपत्रिकेत असे काही येत नाही. मी तसाच बसून राहिलो.

हे दुसरे पान पाठवावे की नाही याचा विचार करतो आहे. पाकीट एकदा चिकटवले की काढता येत नाही.

कळावे,
श्रीधर


मुंबई, २९ जानेवारी २०२५

मावशी,

काकांचं पत्र आलं, दोन्ही पानं. मी ते कुणाला दाखवलं नाही, फोटो काढला नाही. शेवटचा भाग लिहून दिला. दिगंबर दोनच राहतो. चॅनल नाराज आहे, कदाचित मालिका बंद करतील.

गुडघा किती वाकतो? खरं लिही. पाऊस, फुलं, बाग यांतलं काही लिहू नकोस.

वेदिका


नागपूर, १७ फेब्रुवारी २०२५

चि. वेदिका,

गुडघा पंचाऐंशी अंशांपर्यंत वाकतो. नव्वद व्हायला हवा. मेघा नावाची फिजिओथेरपीची मुलगी एक दिवसाआड सकाळी येते. हसरी आहे, हात मात्र लोखंडाचा. रोज दुखतं. पुस्तकात लिहितात त्याहून जास्त दुखतं.

मागच्या शुक्रवारी तिने पाय धरला आणि म्हणाली, ‘आज थोडं पुढं नेते हं काकू, ओरडायचं असलं तर ओरडा.’ मी नेहमी ओठ चावून बसते. तिने नेला आणि मी ओरडले. मला स्वतःलाच तो आवाज अनोळखी वाटला.

स्वयंपाकघरातून तुझे काका म्हणाले, ‘हळू. लोक ऐकतील.’

मेघाचा हात थांबला. मी तिला म्हटलं, ‘ने गं पुढे.’ आणि मग मी रडले. मोठ्याने, आवाज न दाबता, लहान मुलं रडतात तसं. किती वर्षांचं होतं कुणास ठाऊक. थोड्याच वेळात सिंधूताई चप्पल न घालता धावत आल्या, त्यांच्यामागे खजिनदार, त्यांच्यामागे त्यांची बायको. ‘काय झालं हो?’ तुझे काका लगबगीने पाण्याचा पेला घेऊन बाहेर आले. चेहरा असा की बघणाऱ्याच्या पोटात तुटावं. ‘माझ्याने बघवत नाही हिचा त्रास,’ म्हणाले. सिंधूताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला हसू आलं, रडतानाच.

अर्ध्या तासाने सगळे गेले. मेघाही गेली. घरात बाहेरचं कुणी नव्हतं. मी डोळे मिटून पडले होते. वाटलं, आता ते पेपर उघडतील. आवाज आला नाही. डोळे उघडले तर तुझे काका तिथेच, पेला हातात.

‘किती दुखतं?’ त्यांनी विचारलं.

मी दाराकडे पाहिलं. कुणी उभं आहे का म्हणून. कुणी नव्हतं.

‘सांग की,’ ते म्हणाले, जरा चिडूनच, घरच्या आवाजात.

म्हणून मी सांगितलं. आजचं सांगितलं, मग पायऱ्यांचं सांगितलं, मग ऑपरेशन रद्द झालं त्या दिवशी भरलेल्या बॅगेचं. मी दोन दिवस जेवले नाही म्हणून सांगितलं होतं ना तुम्ही, म्हटलं, मी जेवले होते, तुमच्या पानात वाढून मग जेवले होते. ते खुर्चीवर बसले.  मध्ये एकदाच म्हणाले, ‘हे सगळं लिहून ठेवायला पाहिजे.’ मी म्हटलं, ‘नको. फक्त ऐका.’ स्वयंपाकघरातून वास येत होता. गॅसवर दूध होतं, ते उतू जाऊन जळत होतं. आम्हा दोघांनाही कळत होतं. ते उठले नाहीत आणि मी थांबले नाही.

ओटा दुसऱ्या दिवशी मीराबाईने घासला. तिला तासभर लागला.

तुझी,
मावशी